हॅकल प्लायर: हेन्ड्रिक्सनच्या हंगामापर्यंतच्या नोंदी

१२ जानेवारी २०२५, रविवार

काम ठरलं. एप्रिलच्या शेवटी न्यूयॉर्क राज्यातल्या बीव्हरकिल नदीवर हेन्ड्रिक्सन नावाची माशी पाण्यातून वर यायला लागते. तोपर्यंत डबीत घरी बांधलेल्या फ्लाय तयार हव्यात. नमुने तीनच: लाइट हेन्ड्रिक्सन, रेड क्विल आणि क्विल गॉर्डन. गळ १२ आणि १४ नंबरचे.

ज्यांनी हे काम पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. गळावर दोरा, लोकर आणि पिसं बांधून किड्यासारखं दिसणारं आमिष करायचं, त्याला फ्लाय म्हणतात. पाण्यावर तरंगणाऱ्या फ्लायला कोंबड्याच्या मानेचं किंवा पाठीचं पीस गळाभोवती गुंडाळतात. गुंडाळलं की पिसाचे तंतू चारी बाजूंनी ताठ उभे राहतात आणि त्यांच्या टोकांवर फ्लाय पाण्यावर उभी राहते. हे पीस म्हणजे हॅकल. त्याचं टोक धरून ते गुंडाळायला जो छोटा स्प्रिंगचा चिमटा लागतो तो हॅकल प्लायर.

या हिवाळ्यात पिसं फार तुटताहेत. तिसऱ्या-चौथ्या वळणाला टोक चिमट्यात राहतं आणि बाकीचं पीस सुटून उलगडतं. टेबलावर तीन प्लायर आहेत. एक इंग्लिश पद्धतीचा, पोलादी पट्टी वाकवून केलेला. दुसरा डुप्लेक्स, म्हणजे एका जबड्यावर रबर आणि दुसऱ्यावर दाते. तिसरा इलेक्ट्रॉनिक्सच्या टेस्ट क्लिपसारखा, दाबलं की नळीतून बारीक आकडा बाहेर येणारा. पीस तुटलं की पिसालाच दोष द्यायचा अशी सगळ्यांची सवय. मला आधी हत्यार तपासायचं आहे.

१८ जानेवारी, शनिवार

तिन्ही जबडे भिंगाखाली पाहिले.

इंग्लिश प्लायरची पट्टी प्रेसमध्ये कापलेली आहे. पत्रा असा कापला की एका कडेला बर, म्हणजे धातूची बारीक धारदार कोर, राहतेच. भोसरीला टूलरूममध्ये असताना बर काढल्याशिवाय पार्ट पुढे जायचा नाही, कारण हात कापायचे. इथे हात कापत नाही, पण पिसाची दांडी टोकाशी केसाइतकी बारीक असते आणि ती नेमकी याच कडेवरून वळते. डाव्या जबड्याची आतली कड नखावरून फिरवली तर नखाचा पांढरा भुगा निघतो. ही कड पीस पकडत नाही, कापते.

दुसरी तपासणी उजेडाची. जबडे मिटून ट्यूबलाइटसमोर धरले. टोकाला उजेडाची फट दिसते आणि मागच्या बाजूला जबडे टेकलेले आहेत. व्हायला हवं नेमकं उलट: टोकं आधी टेकायला हवीत. खात्रीसाठी एका जबड्यावर मार्करने निळा रंग दिला, वाळू दिला आणि मध्ये कागदाची पट्टी घालून ओढली. रंग फक्त मागच्या भागातला पुसला गेला. म्हणजे टोकाशी धरलेलं पीस मुळात पकडलेलंच नसतं. ते निसटतं, मग माणूस जास्त आत धरतो आणि तिथे धारदार कड त्याची वाट पाहत असते.

डुप्लेक्सचं रबर कडक झालंय. दाते चांगले आहेत, पण रबराचा मऊपणा गेला की दाते दांडीवर खुणा पाडतात.

टेस्ट क्लिपचा आकडा गुळगुळीत आहे. त्यात काही करण्यासारखं नाही.

२६ जानेवारी, रविवार

आज पकड तपासायची सोपी सोय केली. प्लायर व्हाइसमध्ये, म्हणजे बांधताना गळ धरून ठेवणाऱ्या शिकंज्यात, उलटा अडकवला, त्यात पिसाचं टोक धरलं, पिसाच्या बुंध्याला दोऱ्याने कागदी कप बांधला आणि कपात एकेक बारीक नट टाकत गेलो. शेवटी दोनपैकी एक गोष्ट होते: पीस सुटतं किंवा तुटतं.

इंग्लिश प्लायरमध्ये पीस तुटतं, आणि बरोबर जबड्याच्या कडेशी तुटतं. डुप्लेक्समध्ये कधी तुटतं, कधी सुटतं. टेस्ट क्लिपमध्ये बहुतेक वेळा सुटतं, पण पीस हलकं असेल तर आकड्याशी मोडतं, कारण तिथे दांडी एकदम काटकोनात वळते.

एवढ्यावरून निकष मिळाला आणि पुढचं सगळं काम त्यावरच करायचं: पीस तुटायच्या जरा आधी प्लायर सुटला पाहिजे. सुटलेलं पीस पुन्हा पकडता येतं. तुटलेलं पीस गेलं, आणि त्याच्यासोबत बहुतेक वेळा आधी बांधलेले पंखही उलगडतात. दुकानात प्लायर विकताना ‘पकड घट्ट’ असं सांगतात. घट्ट पकड हा गुण आहेच, पण पिसाच्या ताकदीच्या खाली. त्याच्या वर गेली की ती पकड कात्री होते.

१ फेब्रुवारी, शनिवार

हीटर दिवसरात्र चालू, घरातली हवा कोरडी ठणठणीत. याच खोलीतली पिसं उन्हाळ्यात इतकी तुटत नव्हती. आज लागणारी पिसं ओलसर टिश्यूबरोबर झिपच्या पिशवीत रात्रभर ठेवायला घेतली.

२ फेब्रुवारी, रविवार

पिशवीतली पिसं निश्चित लवचिक झाली. दांडी बोटाभोवती वळवली तर कुरकुर नाही. घाई असेल तर किटलीच्या वाफेवर दोन क्षण धरलं तरी चालतं. पिसं पूर्ण ओली मात्र नकोत, तंतू एकमेकांना चिकटतात. पुन्हा सांगतो, याने हत्याराचा दोष जात नाही. कडेवरचा बर ओलसर पिसालाही कापतोच, फक्त थोड्या उशिरा.

९ फेब्रुवारी, रविवार

इंग्लिश प्लायरची दुरुस्ती. क्रम असा:

आधी टोकं टेकवून घेतली. टोकाच्या पक्कडीने दोन्ही जबडे आतल्या बाजूला अगदी थोडे वाकवले आणि दर वेळी उजेडासमोर धरून पाहिलं. टोकं टेकली आणि मागे बारीक फट राहिली की थांबायचं.

मग जबड्यांच्या आतल्या बाजू. ६०० नंबरचा पॉलिश पेपर पट्टीसारखा कापून मिटलेल्या जबड्यांमध्ये घातला आणि ओढून काढला. पेपर उलटवून दुसरा जबडा. नंतर १००० नंबर, पाणी लावून. हे केल्यावर निळ्या रंगाची चाचणी पुन्हा घेतली, तर आता रंग टोकापासून तीनेक मिलिमीटरपर्यंत सारखा पुसला गेला.

शेवटी कडा. इथे वेळ दिला, कारण सगळं मर्म इथेच आहे. चारही आतल्या कडा आणि विशेषतः टोकाकडची आडवी कड गोल करायची, नुसता बर काढून भागत नाही. कागदाची घडी घालून कडेवरून तिरकी फिरवत राहिलो. नखाची चाचणी घेतली: भुगा निघत नाही, कड नखावरून घसरते. भिंगाखाली आधी जी पांढरी चकाकती रेघ दिसायची ती आता रुंद आणि अंधूक झाली आहे.

मग एका जबड्यावर हीट श्रिंक ट्यूब, म्हणजे तापवली की आवळून बसणारी प्लास्टिकची नळी, चढवली. दुसरा जबडा उघडाच ठेवायचा. दोन्हींवर नळी घातली तर जबडे जाड होतात आणि बारीक फ्लायवर गळाच्या डोळ्यापाशी, म्हणजे दोरी ओवायच्या भोकापाशी, जागा उरत नाही. नळी टोकाच्या पुढे अगदी किंचित राहू दिली, म्हणजे दांडीला पोलादाची कड लागतच नाही. गरम करायला मेणबत्ती नको, काजळी धरते. हेअर ड्रायरने काही नळ्या आवळतात, काहींना हीट गन लागते.

कप आणि नट पुन्हा लावले. पीस सुटलं. नवीन पीस घेतलं, तेही सुटलं, आणि सुटण्याआधी मागच्यापेक्षा बरेच जास्त नट मावले. हाच प्लायर तीन आठवड्यांपूर्वी टाकून द्यावा असं वाटलं असतं.

१६ फेब्रुवारी, रविवार

आज बांधकाम नाही. पिसं वेगळी काढत बसलो आणि या हत्याराचा इतिहास डोक्यात फिरत राहिला.

डेट कुटुंबाने १९२८ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या कॅट्सकिल डोंगरांमध्ये फ्लाय बांधून विकायला सुरुवात केली, तेव्हाचे बांधणारे गावठी कोंबड्यांची पिसं किंवा बाहेरून आलेल्या माना वापरत. भारतातून आणि चीनमधून आलेल्या कोंबड्यांच्या माना तर कित्येक वर्षं फ्लाय बांधणाऱ्यांच्या रोजच्या वापरात होत्या, आणि ‘इंडियन केप’ या नावाने आजही स्वस्तात मिळतात. या पिसांची दांडी आखूड, तंतू मऊ, आणि टोकाकडचा कामाचा भाग इंच-दीड इंच. इतक्या आखूड पिसाला बोटाने धरून चार वळणं देणं अशक्य. प्लायर होता म्हणून त्या पिसांवर फ्लाय बांधल्या गेल्या.

नंतर पिसंच बदलली. हेन्री हॉफमन यांनी पट्टेदार प्लिमथ रॉक कोंबड्यांमधून निवड करत करत लांब पिसांचे पक्षी तयार केले. ते वाण १९८९ मध्ये टॉम व्हायटिंग यांनी घेतलं. ते कुक्कुट-आनुवंशशास्त्राचे पदवीधर. कोलोरॅडोमधल्या डेल्टा इथल्या त्यांच्या फार्मवरची पाठीची पिसं इतकी लांब आणि एकसारखी असतात की एका पिसात अनेक फ्लाय होतात आणि बरीचशी वळणं नुसत्या बोटाने देता येतात. २०११ मध्ये केसांत पिसं लावायची फॅशन आली तेव्हा हीच पिसं सलूनवाल्यांनी उचलली आणि मासेमारांना मिळेनाशी झाली.

म्हणून निवडीचा पहिला प्रश्न प्लायर कुठला हा नाहीच, पीस कुठलं हा आहे. पाठीचं लांब पीस असेल तर प्लायर फक्त शेवटच्या वळणांना लागतो आणि कुठलाही बरा प्लायर चालतो. मानेचं पीस असेल तर पहिल्या वळणापासून सगळा भार प्लायरवर. मी मानेची पिसं वापरतो. कॅट्सकिल फ्लायला जो जरा विस्कळीत, जिवंत फुलोरा हवा असतो तो मला त्यातच मिळतो.

सह्याद्रीतला करडा रानकोंबडाही या कलेत फार नावाजलेला. त्याच्या मानेवरच्या मेणासारख्या चकाकणाऱ्या ठिपक्यांची पिसं सामन माशाच्या फ्लायच्या गालांवर लावतात. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तो पक्षी संरक्षित आहे. परदेशात आज जी पिसं मिळतात ती तिथेच पाळून वाढवलेल्या पक्ष्यांची. महाबळेश्वरच्या वाटेवर पहाटे त्याची बांग ऐकलेल्या माणसाला ही पिसं रानातून येत नाहीत याचं समाधान फार मोठं आहे.

२ मार्च, रविवार

स्वतःचा प्लायर बनवायला घेतला. थेंबाच्या आकाराचं वेटोळं, खाली तारा एकमेकींना ओलांडून जातात आणि टोकं एकमेकांवर दाबून बसतात. वेटोळं दोन्ही बाजूंनी दाबलं की टोकं उघडतात. तार पियानोची, ०.०४७ इंच जाडीची, हॉबीच्या दुकानात मिळते.

वाकवायच्या आधी पुण्याला अण्णांना फोन केला. टूलरूममधले आमचे फोरमन, निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली.

“अण्णा, तार तापवून वाकवू का?”

“अजिबात नको रे. लाल केलीस की स्प्रिंग मेली समज. थंडच वाकव. आणि पाहिजे त्यापेक्षा बारीक रॉडवर वाकव, ती परत उघडणार आहे.”

“आणि नंतर?”

“नंतर भट्टीत थोडा वेळ ठेव, मंद. रंग गव्हाळ झाला की काढ. नाहीतर आठ दिवसांत सैल पडेल.”

तसंच केलं. तार कापायला डिस्क वापरली, साध्या कटरची धार या तारेवर जाते. टोकं सपाट करायला हातोडी लावली नाही, तारेला चिरा पडतात. बारीक ग्राइंडिंग चाकावर घासली आणि मध्येमध्ये पाण्यात बुडवत राहिलो. मग घरच्या ओव्हनमध्ये ४५० फॅरनहाइटवर, म्हणजे साधारण २३० सेल्सिअसला, अर्धा तास. बाहेर काढली तेव्हा तार खरंच गव्हाळ झाली होती. कडा गोल केल्या आणि हीट श्रिंक सगळ्यात शेवटी.

स्प्रिंगचा दाब हातात घेताच कळतो: विकतच्यापेक्षा मऊ आहे. दाब कमी-जास्त करायची सोय या आकारात आयती मिळते. वेटोळं किंचित दाबून कायमचं आवळलं की पकड कमी होते, उघडलं की वाढते. कप-नटाची चाचणी घेत घेत पिसाच्या ताकदीच्या जरा खाली आणून ठेवली.

१५ मार्च, शनिवार

आज सलग लाइट हेन्ड्रिक्सन बांधल्या. हा नमुना लिबर्टी गावच्या रॉय स्टीनरॉड यांनी १९१६ मध्ये बांधला आणि आपल्या मासेमारीतल्या मित्राचं, ए. ई. हेन्ड्रिक्सन यांचं, नाव दिलं. शेपटी आणि हॅकल निळसर राखाडी, अंग कोल्ह्याच्या गुलाबीसर लोकरीचं, पंख वुड डक बदकाच्या कुशीतल्या पिसांचे.

पिसाची हाताळणी कशी जमली ते सविस्तर लिहून ठेवतो, कारण चांगला प्लायर चुकीच्या दिशेने ओढला तरी पीस तुटतंच.

पिसाच्या तंतूंची लांबी गळाच्या तोंडाच्या, म्हणजे गळाचं टोक आणि दांडी यांच्यातल्या अंतराच्या, दीड ते दोन पट. बुंध्याकडचा मऊ, कापसासारखा भाग सोलून टाकायचा. बांधताना दांडीचा दीडेक मिलिमीटर भाग उघडा ठेवायचा. हे फार महत्त्वाचं: उघडी दांडी आधी वळते, कडेवर बसते आणि मग पहिला तंतू सरळ उभा राहतो. ही जागा ठेवली नाही तर पहिल्या वळणातले तंतू वेडेवाकडे पडतात आणि माणूस सरळ करायला जास्त ओढतो.

प्लायर पिसाच्या टोकाला आडवा लावायचा नाही. जबड्यांची लांबी आणि पिसाची दांडी एका रेषेत. असं धरलं की दांडीचा तीन-चार मिलिमीटर भाग जबड्यात राहतो आणि ताण त्या सगळ्या लांबीवर वाटला जातो. आडवं धरलं की सगळा ताण एका कडेवर येतो.

तर्जनी वेटोळ्यात घालायची. गळाभोवती हात फिरताना प्लायर बोटाभोवती आपोआप फिरतो आणि दांडीला पीळ बसत नाही. वेटोळ्यात बोट जाईल एवढी जागा याचसाठी असते. पिसाला पीळ बसला की तंतू एका बाजूला झुकतात. फिरत्या डोक्याचे प्लायर विकत मिळतात ते हाच पीळ टाळायला. पण बोट नीट घातलं तर साध्या प्लायरमध्येही तो टळतो. व्हाइसच फिरता असेल तर प्रश्नच नाही, हात स्थिर आणि गळ फिरतो.

ओढ सगळी वळणं सारखी. वरच्या बाजूला हात सैल पडतो आणि खालच्या बाजूला नकळत जोर लागतो. बहुतेक पिसं गळाच्या खाली तुटतात ती यामुळे.

शेवटचं वळण झालं की प्लायर खाली लटकत सोडायचा. त्याच्या वजनाने ताण राहतो आणि दोन्ही हात दोऱ्याला मोकळे होतात. इथे माझा तारेचा प्लायर हलका पडला. वेटोळ्याच्या तळाशी तांब्याच्या तारेचे काही वेढे घातले, वजन आलं, पिसाला जड नाही झालं. टेस्ट क्लिप या कामाला फारच हलकी. ती हातातच धरून ठेवावी लागते.

मग डोळ्यामागे गळाची थोडी जागा उघडी ठेवून गाठ. कॅट्सकिल फ्लायची ओळखच ती.

३० मार्च, गुढीपाडवा

सकाळी गुढी, दुपारी जेवण. संध्याकाळी मुलगी टेबलाशी येऊन बसली. “बाबा, मला एक बांधू दे.” तिला दुरुस्त केलेला इंग्लिश प्लायर दिला. तिचा जोर अजून सांभाळलेला नाही, पीस दर वेळी सुटत होतं आणि ती हसत पुन्हा पकडत होती. एकही तुटलं नाही. शिकणाऱ्याला मऊ पकडीचा प्लायर द्यावा हे मी आता कुणालाही छातीठोकपणे सांगेन.

१२ एप्रिल, शनिवार

क्विल गॉर्डन आणि रेड क्विल. कॅट्सकिलमधले जुने फ्लाय बांधणारे थिओडोर गॉर्डन यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या क्विल गॉर्डनचं अंग मोरपिसाच्या एका धाग्यावरचे तंतू खरवडून उरलेल्या पट्टीचं असतं: एक कड फिकी, एक गडद, गुंडाळल्यावर आपोआप पट्टे. ही पट्टी दाते असलेल्या जबड्यात धरायचीच नाही, उभी चिरते. गुळगुळीत जबडा आणि हीट श्रिंक, आणि लटकवायचं नाही, हातानेच धरायचं.

रेड क्विलचं अंग कोंबड्याच्या तांबूस पिसाच्या सोललेल्या दांडीचं. दांड्या तासभर पाण्यात भिजवल्या. इथे मात्र डुप्लेक्स कामाला आला. ओली दांडी गोल आणि निसरडी असते, गुळगुळीत जबड्यातून सटकते. नवीन रबर चढवल्यावर दाते आणि रबर मिळून ती छान धरतात, आणि ही दांडी जाड असल्याने दातांची खूण तिला जड जात नाही. त्या प्लायरला आजवर चुकीचं काम दिलं जात होतं.

२६ एप्रिल, शनिवार

रॉस्को गाव. विलोविमॉक नदी बीव्हरकिलला मिळते तो जंक्शन पूल नावाचा डोह. माणसं बरीच, सगळे एकमेकांना जागा देऊन. या माशीला पाणी साधारण ५० ते ५५ फॅरनहाइट लागतं आणि ती दुपारी वर येते, त्यामुळे सकाळी कुणालाच घाई नव्हती.

दुपारी राखाडी पंखांच्या माश्या पृष्ठभागावर दिसू लागल्या. लाइट हेन्ड्रिक्सन, १४ नंबर. एक ब्राउन ट्राउट आला, सोडून दिला. मला पाहायची होती ती फ्लाय. दातांत जाऊन आलेली, चिकट झालेली. पाण्यात हलवली, रुमालात दाबली, फुंकर मारली. तंतू पुन्हा उभे राहिले, हॅकलची दांडी जागची हलली नव्हती. पुन्हा टाकली, तरंगली.

४ मे, रविवार

टेबलाची मांडणी आता अशी. हॅकलसाठी तारेचा प्लायर. मोरपीस आणि शिकणाऱ्यांसाठी दुरुस्त केलेला इंग्लिश. पिसाच्या भिजवलेल्या दांड्यांसाठी डुप्लेक्स. टेस्ट क्लिप अगदी बारीक, २० नंबरच्या पुढच्या गळांना, जिथे दुसरे जबडे मावत नाहीत.

नवीन घेणाऱ्याने दुकानात सोबत भिंग, पातळ कागदाची पट्टी आणि घरचं एक पीस न्यावं. टोकं आधी टेकतात का ते उजेडात पाहावं, कड नखावर फिरवावी, बोट वेटोळ्यात घालून पाहावं, पीस धरून ओढावं. सुटलं तर घ्यावा. तुटलं तरी बाकी सगळं ठीक असेल आणि किंमत कमी असेल तर घ्यावा. पॉलिश पेपर आणि इंचभर नळी घरी असतेच.

पुढचं काम: पॅराशूट फ्लायसाठी, जिच्यावर हॅकल आडवं गुंडाळतात, आखूड मानेचा प्लायर. आडवं गुंडाळताना सध्याचा व्हाइसला आपटतो. तार शिल्लक आहे, वेटोळं अर्ध्या आकाराचं करून पाहायचं. अण्णांना विचारायचं आहे की एवढ्या छोट्या वेटोळ्याला हीच जाडी चालेल की एक नंबर बारीक घ्यावी.